सबीना लव्हेल स्वतःच्या मैदानाला चांगलं म्हणते

सबीना लव्हेलला कुणी विचारलं की बाई, यंदा गवत कसं आहे, तर ती आधी आकाशाकडे बघायची, मग जमिनीकडे, मग विचारणाऱ्याच्या बुटांकडे, आणि म्हणायची, "याहून वाईट पाहिलंय." डूकारा गावातलं हे सर्वात मोठं प्रशस्तिपत्रक. याच्या वर काही नाही. बिशप येऊन गेले तेव्हा त्यांच्या प्रवचनालासुद्धा एवढंच मिळालं होतं, आणि तेही एकमतानं नाही.

आयर्लंडातल्या मेयो परगण्याच्या या टोकाला स्वतःच्या वस्तूला चांगलं म्हणायची सोयच नाही. गाय चांगली म्हटली की आटते. पोरगी देखणी म्हटली की खोकायला लागते. दृष्ट लागते ती लागतेच, वर लोक म्हणतात, हिला फार चढलंय. म्हणून ज्यानं त्यानं आपल्या घरादाराला नावं ठेवायची आणि शेजाऱ्याचं कौतुक करायचं, असा शिरस्ता. शेजारी तुमचं करतो, तुम्ही शेजाऱ्याचं करता, हिशेब बरोबर राहतो आणि कुणाचं डोकं फिरत नाही. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. पण बाहेरचा माणूस इथं येतोच कशाला?

सबीनाचा बाप ऑस्टिन तरुणपणी स्कॉटलंडात बटाटे काढायला जायचा. तिथं शेताच्या कुंपणापलीकडे काही चांगल्या कपड्यातले लोक काठीनं एक एवढासा चेंडू मारत आणि मग तासभर तो शोधत हिंडत. ऑस्टिन वाकून बटाटे काढता काढता ते बघायचा. त्याला वाटलं, हे आपल्याकडेही होईल, चेंडू हरवायला आपल्याकडे जागा पुष्कळ आहे. घरी आल्यावर त्यानं समुद्राकाठच्या सामायिक गायरानात, वाळूच्या टेकड्यांमधून, लांब दांड्याच्या कोयत्यानं गवत कापून गोल्फचे नऊ होल आखले आणि खळग्यांत वाटाण्याचे रिकामे डबे बसवले. गायरानात त्याचा स्वतःचा हिस्सा नव्हता. अकरा हिस्सेदार पोट धरून हसले. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर तेच अकराच्या अकरा काठ्या घेऊन पहिल्या होलवर भांडत उभे होते.

सबीना पंधराव्या वर्षी गवत कापायच्या यंत्रामागे लागली आणि आता तिनं साठी ओलांडली आहे. सकाळी मेंढ्यांना हुसकायचं, ग्रीनवरच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावरच्या, लेंड्या झाडायच्या, मग पोटावर आडवं पडून गवताची पाती कुठल्या बाजूला झुकलीत ते बघायचं, मग कापायचं. कापताना ती गवताशी बोलते. तिथंही शिव्याच.

एकविसाव्या वर्षी तिला मागणी आली होती. विजेच्या तारा ओढायला डब्लिनहून आलेला एक गडी. दिवसभर खांबांवर चढायचा आणि संध्याकाळी येऊन तिच्या यंत्राला तेल घालायचा. तीन महिने तेल घातल्यावर त्यानं विचारलं, "मी तुला आवडतो का?" सबीनाचं काळीज असं धडधडत होतं की तिला स्वतःचा आवाज ऐकू येईना. ती म्हणाली, "तुझ्याहून वाईट पुष्कळ आहेत." डूकारातला असता तर तिथून थेट फादरकडे लग्नाची तारीख विचारायला धावला असता. डब्लिनच्या माणसानं टोपी घातली आणि तो गेला. त्यानं ते तस्संच्या तस्सं घेतलं, हे कळायला सबीनाला दोन दिवस लागले. तिला फार वाईट वाटलं. पण मागं धावत जाऊन आणखी काही बोलावं हे तिच्या मनातही आलं नाही. बोलायचं ते ती बोलून चुकली होती.

तर अशी ही सबीना, आणि तिच्या मैदानावर दोन वर्षांपूर्वी संकट आलं.

गायरान वापरायचा हिस्सेदारांशी केलेला गोल्फ क्लबचा करार संपत आला होता. शहरातल्या कुणा कंपनीला तिथं सुट्टीवाल्यांच्या कॅराव्हॅन गाड्यांचा तळ हवा होता. हिस्सेदारांत सर्वात वडील डेलिया मॅन्गन, वय वर्षं त्र्याऐंशी, आणि डेलियाचा हात जिकडे वर जाईल तिकडे बाकीच्यांचे जातात. डेलिया म्हणाली, "नऊ खड्डे. कोण येतं तिथं? आम्हीच. आणि आम्ही तर मरायला टेकलोय." यात खोटं काही नव्हतं.

क्लबचा कप्तान फेस्टस बॅरेट, अकरा हिस्सेदारांतलाच एक. गावात पीठसाखर विकतो तो, बियर पाजतो तो, आणि शेवटी पेटीत घालून शववाहिनीतून नेतो तोही तोच, त्यामुळे त्याचं सगळ्यांशी गोड. फेस्टसनं कुठूनसं शोधून काढलं की टर्पस्ट्रा नावाचा एक डच माणूस आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या, मुद्दाम जाऊन बघण्याजोग्या गोल्फ मैदानांवर पुस्तक लिहितोय. फेस्टसनं त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो. पुस्तकात नाव आलं तर लोक येतील, लोक आले तर डेलियाचं म्हणणं खाली पडेल. नाही आलं, तर पुढच्या वर्षी सबीनाच्या सातव्या ग्रीनवर कुणीतरी कॅराव्हॅन लावून चड्ड्या वाळत घालील.

फेस्टसला आपली माणसं ठाऊक होती. त्यानं सगळ्यांना क्लबच्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं, किटली ठेवली आणि म्हणाला, "मी तो डच माणूस. पीटर जो, तुला विचारतो. मैदान कसं आहे?"

पीटर जो निवृत्त पोस्टमन. त्याला दरदरून घाम फुटला. "मैदान... मैदान सुं..."

"सुंदर."

"अरे बायकोला कधी म्हटलं नाही, मैदानाला कसं म्हणू?"

"बायको पुस्तकात यायची नाहीये. म्हण."

"सुं... सुटसुटीत आहे," पीटर जो म्हणाला आणि मटकन खाली बसला. लोकांनी त्याला पाणी दिलं.

"सबीना, तू."

"मी कशाला? मीच कापायचं आणि मीच चांगलं म्हणायचं? उद्या म्हणशील, स्वतःच्या मयतीला स्वतःच रड."

"फक्त एवढं म्हण, ग्रीन चांगले आहेत."

"ग्रीन चां..." सबीना म्हणाली, आणि तिला खरोखर ठसका लागला.

अर्धी किटली संपेपर्यंत एकाच्याही तोंडून धड शब्द निघाला नाही. शेवटी फेस्टसनं हात टेकले. "बरं. कुणी तोंड उघडू नका. तो दिसला की नुसतं हसायचं. दात दाखवून. बोलायचं ते मी बोलेन."

आणि नेमका त्या सोमवारी मार्टिन रुआन वारला. आता डूकारात माती असली की काय वाटेल ते अडू दे, माती अडत नाही, आणि माती नेणारा फेस्टस. मंगळवारी सकाळी टर्पस्ट्रा आला तेव्हा अख्खं गाव चर्चमध्ये होतं आणि मैदानावर सबीना एकटी होती.

माणूस उंच, स्वच्छ, आणि ऐकलेलं सगळं वहीत लिहिणारा. पाऊस नव्हता, म्हणजे आमच्याकडे ज्याला पाऊस म्हणत नाहीत तो पडत होता. सबीना झेंडा धरायला बरोबर चालत होती आणि ओठ घट्ट मिटून होती. तिसऱ्या होलवर रस्ता अगदी कुंपणाला लागून जातो. तिथं टर्पस्ट्रा चेंडूवर वाकला आणि नेमकी मार्टिनची अंत्ययात्रा आली. पुढं शववाहिनी, मागं काळ्या कपड्यांतली दीडशे माणसं. फेस्टसचं बोलणं सगळ्यांच्या लक्षात होतं. गाडी चालवणाऱ्या फेस्टसपासून मार्टिनच्या विधवेपर्यंत सगळ्यांनी मान वळवली आणि डच माणसाला सगळे दात दाखवले.

टर्पस्ट्रा बघतच राहिला. "हे लोक मयतीला चाललेत ना?"

"हो."

"मग हसतात का?"

सबीनानं झेंडा दुसऱ्या हातात घेतला. "गेलेला माणूस फारसा आवडता नव्हता," ती म्हणाली. मार्टिन बिचारा लाखातला माणूस होता. तिनं मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि टर्पस्ट्रानं वहीत काहीतरी लिहिलं.

नऊही होल झाले. टर्पस्ट्रानं वही उघडून सरळच विचारलं, "मिस लव्हेल, तुम्ही पंचेचाळीस वर्षं इथं आहात. हे मैदान मुद्दाम येऊन बघण्यासारखं आहे का?"

फेस्टस नव्हता. हसून भागणार नव्हतं. सबीनानं तोंड उघडलं आणि तिची जीभ सवयीच्या वाटेला लागली. "काय सांगू तुम्हाला. सातवं हिवाळ्यात पाण्यात जातं. चौथ्यावर वारा असा की चेंडू कुठं जाईल देवाला ठाऊक. मेंढ्यांची घाण तर बघितलीतच. बापानं कोयत्यानं कापलेलं, त्याला काय कळत होतं."

"मग या बाजूला चांगलं मैदान कुठलं?"

आता कौतुकाची पाळी शेजाऱ्याची होती, आणि सबीनाचा चेहरा खुलला. "रॉसकिल. बारा मैलांवर. अठरा होल, अंघोळीला गरम पाणी, जमिनीला गालिचा. आणि तिथला अँथनी पॅडन. गवतावर त्याचा हात फिरला की झालं. त्याच्यासमोर मी म्हणजे मेंढी."

टर्पस्ट्रानं मनापासून आभार मानले, हात मिळवला, गाडीत बसला आणि रॉसकिलला गेला. सबीनानं वळणापर्यंत हात हलवला. आत येऊन चहा ओतला, पावाला लोणी लावलं. सगळं किती सभ्यपणे पार पडलं, याचं तिला समाधान वाटत होतं. दुसऱ्या घोटाला तिला कळलं आपण काय केलं ते.

फेस्टस मातीहून परत आला तोच विचारत, "कुठाय तो?"

"रॉसकिलला."

"कुणी पाठवलं?"

सबीना कपात बघत राहिली.

"सबीना."

"त्यानं विचारलं रे. मग काय, रॉसकिल वाईट आहे म्हणू? अँथनीच्या पाठीमागं?"

फेस्टस काळी टोपी कपाळावर ओढून पायरीवर बसला. सकाळी एक पुरला तो कमी होता, असं काहीतरी पुटपुटला. मग उठला आणि म्हणाला, "बस गाडीत." गाडी म्हणजे शववाहिनी. त्याची दुसरी गाडी दुकानाच्या मागं चाकं काढून ठेवलेली होती.

बारा मैल ती दोघं शववाहिनीतून त्या डच माणसाच्या मागावर गेली. सबीना सारखी म्हणायची, "अरे जोरात चालव," आणि फेस्टस म्हणायचा, "पाय दाबला जात नाही गं, तीस वर्षांची सवय आहे." रस्त्यावरची माणसं थांबून छातीवर क्रूस काढत होती. एका बाईनं पुढच्या काचेतून सबीनाला बघितलं आणि तिनं दोनदा काढला.

निम्म्या वाटेवर, दोन दगडी बांधांमधल्या अरुंद रस्त्यात, समोरून टर्पस्ट्राचीच गाडी आली. मागं सरायला जागा नाही. तो उतरला, दार आपटलं, आणि शववाहिनीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. चेहरा लाल.

"मी रॉसकिलला गेलो. पॅडन भेटले. त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं, आमच्याकडे काय बघता, नुसता चिखल. गालिचा कुजलाय, गरम पाणी फेब्रुवारीपासून नाही. खरं मैदान बघायचं तर डूकारा. सबीना लव्हेलसारखे ग्रीन या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचे नाहीत."

सबीनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अँथनी तसा सभ्य माणूस आहे," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणता तिथं जा, तो म्हणतो इथं जा. तुमच्यातलं खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही," फेस्टस म्हणाला. "म्हणजे, दोघंही."

टर्पस्ट्रानं दीर्घ श्वास घेतला. त्याच्या देशात माणूस बोलतो तेच त्याच्या मनात असतं म्हणे. कसे राहत असतील, देव जाणे. तो म्हणाला, "ठीक आहे. मी मिस लव्हेल यांच्यावर विश्वास ठेवतो. पंचेचाळीस वर्षं गवत कापणाऱ्या बाईला ठाऊक असणारच." त्यानं वही शववाहिनीच्या बॉनेटवर ठेवली आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागला. "डूकारा. चौथं होल निरर्थक. सातवं म्हणजे दलदल. मेंढ्यांची घाण. ज्यानं आखलं त्याला खेळ कळत नव्हता. टाळावं."

मग त्यानं शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढली.

"कोण म्हणतं चौथं निरर्थक?" सबीनानं विचारलं.

"तुम्ही म्हणालात."

"मी म्हणेन. मी दिवसातून दहा वेळा म्हणेन. तुम्ही कोण?" तिनं शववाहिनीचं दार उघडलं, खाली उतरली आणि पदरचं पंचेचाळीस वर्षांचं सगळं एका दमात त्याच्या अंगावर ओतलं. "चौथ्यावर चेंडू समुद्राकडं मारायचा असतो, समजलं? सरळ समुद्राकडं. तुम्ही झेंड्याकडं मारलात, मी बघितलं, म्हणून तो गेला ओढ्यात. समुद्राकडं मारला की वारा तो हातात घेतो आणि आणून झेंड्यापाशी ठेवतो. माझा बाप तीन हिवाळे त्या टेकडीवर उभा राहून वारा बघत होता, तेव्हा कुठं त्यानं चौथं कापलं. त्याला खेळ कळत नव्हता? त्याला वारा कळत होता. आणि सातवं पाण्यात जातं म्हणूनच तिथं वसंतात असं गवत येतं की गाल टेकावा. मी टेकते. मेंढ्यांचं म्हणाल तर त्यांनीच ते इतकं दाट राखलंय, कुठल्या यंत्राची बिशाद नाही. आणि सहाव्यावरून सातव्याकडं वळलं की अख्खा उपसागर एकदम समोर येतो. पंचेचाळीस वर्षं मी रोज वळते तिथं आणि रोज यंत्र बंद करते. लोकांना सांगते, डिझेल वाचवतेय. डिझेल कसलं वाचवते. माझे पायच पुढं जात नाहीत. असं मैदान साऱ्या आयर्लंडात दुसरं नाही, आणि ते टाळावं म्हणे. टाळा. आमचं काय जातंय."

टर्पस्ट्रा बॉनेटवर वाकून भराभर लिहीत होता. फेस्टसनं टोपी काढली होती. पेटी उचलताना सोडली तर तो ती कधी काढत नाही.

परतीच्या वाटेवर सबीना काचेतून बांध मोजत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "फेस्टस, कुणाला सांगू नकोस."

"माझ्या तोंडून जाणार नाही," फेस्टस म्हणाला, आणि खरोखर गेलं नाही. ते पुस्तकानं सांगितलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुस्तक आलं. डूकाराला दोन पानं. त्यातलं टर्पस्ट्राचं स्वतःचं जेमतेम चार ओळी, बाकी सगळं सबीनाचं, नावानिशी, डिझेलसकट. फेस्टसच्या दुकानात ते पिठाच्या पोत्यावर उघडं पडलेलं असायचं आणि लोक येऊन वाचायचे, आणि वाचून झालं की साखर न घेताच घरी जायचे. सबीनाला कुणी एक शब्द बोललं नाही. प्रकरण इतकं गंभीर होतं. पीटर जो तिला बघून रस्ता ओलांडायचा, तिलाच लाज वाटू नये म्हणून. ती भल्या सकाळी कापायची आणि कुणी यायच्या आत घरी जायची.

पण गावाला तिची दया होती. हळूहळू सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एक वाट काढली. डच माणूस. त्याला आपली भाषा कितीशी कळणार. मनचंच घातलं असेल. हे इतक्या जणांनी इतक्यांदा म्हटलं की आता फक्त सबीनानं मान हलवायची बाकी होती.

मार्चपासून लोक यायला लागले. गाड्या भरून, टोप्या घालून, चौथ्यावर समुद्राकडं चेंडू मारत. आणि एप्रिलात हिस्सेदारांची सभा भरली, गावच्या हॉलमध्ये, दुपारी. कंपनीचा कागद टेबलावर. अकरा हिस्सेदार पुढं, गाव मागं, सबीना दारापाशी.

डेलिया मॅन्गन काठी टेकत उठली. पुस्तक तिच्या हातात होतं. "लोक येतात ते मला दिसतंय," ती म्हणाली. "पण पुस्तकं काय, दरवर्षी नवी येतात. त्या माणसानं हे रचलं असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात हे लोक दुसरीकडं जातील, आणि मी आपली कॅराव्हॅनला हात वर करेन. म्हणून एकच विचारते. सबीना, हे तू म्हणालीस, की त्यानं घातलं?"

सगळ्यांनी मागं बघितलं. पीटर जो सबीनाकडं बघून हळूच मान आडवी हलवत होता, नाही म्हण, नाही म्हण. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. फेस्टस टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत झालं असतं आणि तिला कुणी चहाशिवाय घरी जाऊ दिलं नसतं.

"मी म्हणाले," सबीना म्हणाली.

खुर्च्या करकरल्या.

"शब्दन् शब्द माझा आहे. आणि रागाच्या भरात आठव्याचं सांगायचं राहिलंच."

मग तिनं दाराची चौकट एका हातानं धरली आणि आठव्याचं सांगायला सुरुवात केली. तिथं टेकडीच्या कुशीत वारा एकाएकी थांबतो, चंडोल पायाशी उठतात, आणि चेंडू पडल्याचा आवाज मारल्यानंतर एवढ्या वेळानं येतो की माणूस तोपर्यंत श्वास धरून असतो. डेलियाचा हात कंपनीच्या विरोधात वर गेला तेव्हा ती चंडोलांपर्यंत आली होती. मग फेस्टसचा गेला, आणि एकेक करत अकराही गेले. सबीनाला ते दिसले नाहीत. ती डोळे मिटून बोलत होती, आणि तिला कुणी मध्ये थांबवलं नाही.